एकोणीस मिलिमीटरचा माणूस

डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीत रेल्वेचे एक निवृत्त ड्राफ्ट्समन राहत होते. पूल, फलाट आणि जिन्यांचे नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली होती. लहानपण लालबागच्या चाळीत गेलेलं. वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, कामाला. निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या मोठ्या खोलीत भिंतीलगत २० फूट लांबीचं प्लायवूडचं टेबल बांधून घेतलं आणि त्यावर रूळ टाकले. त्यांना आपली जुनी मुंबई पुन्हा उभी करायची होती. १९७५ च्या आसपासचं गिरणगाव, चिंचपोकळीपासून परळपर्यंतचा पट्टा, आणि त्याच्या मधून धावणारी मध्य रेल्वेची लोकल.

प्रमाण त्यांनी १:८७ निवडलं. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांत हे प्रमाण जगभर रूढ आहे. खऱ्यातला एक फूट इथं साडेतीन मिलिमीटरचा होतो. नऊ डब्यांची लोकल दोन मीटरहून थोडी लांब भरते, चाळीचा ११ फुटी मजला साडेअडतीस मिलिमीटरचा होतो आणि गिरणीचं दीडशे फुटी धुराडं ५२ सेंटीमीटरचं. ऐकायला हे सगळं इवलंसं वाटतं. पण व्हीटी ते दादर हे सुमारे ९ किलोमीटरचं अंतर याच हिशेबानं मांडायचं म्हटलं, तर १०० मीटरहून लांब टेबल लागेल. २० फुटांत खरी जागा मावते जेमतेम अर्धा किलोमीटर. म्हणून शहराचं मॉडेल करणाऱ्यासमोर पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न उभा असतो: काय ठेवायचं आणि काय गाळायचं?

रूळ बसले, वरच्या तारा ओढून झाल्या, गाड्या फिरू लागल्या. इमारतींची वेळ आली तोवर आजोबांचा हात थरथरायला लागला होता. कटर सरळ रेषेत चालेना. त्यांनी दोन्ही नातवंडांना बोलावलं. थोरला नातू आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होता, धाकटी नात अकरावीत. आजोबांनी टेबलाच्या मध्यावर खडूनं रेघ मारली.

"या रेघेच्या डावीकडचं शहर तुझं, उजवीकडचं हिचं. रेघेवर स्टेशनचा पादचारी पूल येईल. तो हिनं करायचा. दसऱ्याला शहरातून पहिली गाडी सोडू."

मग त्यांनी डबीतून दोन छोट्या बाहुल्या काढल्या. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात १९ मिलिमीटरचा होतो. पायजमा, सदरा, खांद्यावर पिशवी. एकेकाच्या तळहातावर एकेक ठेवून ते म्हणाले, "हा गिरणी कामगार आहे. तुमच्याकडं राहायला येणार आहे. त्याची सोय बघा."

दोघंही हसले आणि कामाला लागले.

नातवाचा हात फार चांगला होता. त्यानं गिरणगावातल्या जुन्या चाळींचे आणि गिरण्यांचे फोटो जमवले. लाकडी कठड्यांची नक्षी, कमानी, दगडी चिरे, गिरणीच्या दरवाजावरचं घड्याळ यांची त्यानं बारकाईनं टिपणं काढली. पुठ्ठा आणि प्लास्टिक शीटवर त्याचं कटर सरसर फिरे. तीन मजली चाळीच्या दर्शनी भिंतीवर त्यानं ४२ खिडक्या कापल्या, प्रत्येकीला तावदानं लावली. गिरणीचा दगडी दरवाजा बघणाऱ्याच्या बरोबर समोर येईल असा रुळांकडं तोंड करून उभा केला. साळखात्याचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर केलं आणि त्यातल्या काचा चमकून दिसाव्यात म्हणून त्यांचंही तोंड पुढंच ठेवलं.

जागा कमी पडू लागली तेव्हा त्यानं त्याच्या मतानं बिनमहत्त्वाच्या गोष्टी गाळल्या. चाळीच्या टोकाचा जिना गाळला. संडासांची रांग गाळली. पाण्याची टाकी आणि अंगणातला नळ गाळला. दोन इमारतींमधली घळ बंद करून भिंतीला भिंत चिकटवली. तिथं भिंतीला वर असलेल्या फळीला चाळीचं छप्पर टेकू लागलं, म्हणून प्रत्येक मजल्याची उंची ३० मिलिमीटरवर आणली आणि दारंही त्या मानानं बुटकी केली. एवढं करूनही ४२ खिडक्यांपैकी एकही कमी केली नाही, कारण खिडक्यांच्या रांगा देखण्या दिसत होत्या.

नातीचं काम संथ होतं. तिनं आधी जुन्या खोक्यांचा पुठ्ठा कापून नुसते ठोकळे केले, टेबलावर मांडले, गाडी फिरवली, पुन्हा हलवले. तिच्या माणसाला राहायला खोली द्यायची, तर तो कुठं झोपतो, कुठं अंघोळ करतो, हे तिला कळेना. तेव्हा ती तळमजल्यावरच्या आजींकडं गेली. आजींनी एकेकाळी लालबागला खाणावळ चालवली होती. आजींनी सांगितलं, की कोकणातून, घाटावरून आलेले एका गावचे गडी मिळून एक खोली घेत. बायकामुलं गावाकडं. पहिल्या पाळीचे उठून गेले की त्याच जागेवर रात्रपाळीचे येऊन आडवे होत. वळकट्या गॅलरीच्या कठड्यावर पडलेल्या असत. पाणी पहाटे ठरल्या वेळेलाच येई, म्हणून नळाशी बादल्या आणि हंड्यांची रांग. संडासाशी दुसरी रांग. सातच्या पाळीचा भोंगा झाला की सगळी आळी रस्त्यावर.

नंतर ती आजोबांसोबत लोकलनं चिंचपोकळीपर्यंत गेली आणि दाराशी उभी राहून बाहेर बघत राहिली. तिच्या लक्षात आलं, की गाडीतून शहराचं तोंड दिसतच नाही. पाठ दिसते. रेल्वेच्या कुंपणभिंती, मोऱ्यांचे पाइप, मागचे जिने, पत्र्याच्या शेड, दोरीवरचे कपडे.

आजोबा म्हणाले, "१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि १८५४ मध्ये कावसजी दावरांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. रूळ आणि गिरण्या बरोबरीनं वाढल्या. पण माणसांची दारं रस्त्याकडं उघडतात, त्यामुळं रुळांच्या वाट्याला कायम मागची बाजू आली. आपलं टेबल गाडीचं आहे. इथं ती मागची बाजूच नीट करायची असते."

घरी येऊन तिनं हिशेब मांडला. खऱ्या चाळीत एका मजल्यावर १४ खोल्या. तिनं सहा ठेवल्या. गिरणीच्या छपराला १२ दाते; तिनं चार ठेवले. खोल्या कमी झाल्या तसा जिना, नळ, संडास, टाकी यांना जागा मिळाली. दारं पूर्ण २३ मिलिमीटरची ठेवली. चाळीच्या शेजारी दोन सेंटीमीटरची घळ ठेवली. त्या घळीतून मागचं काहीच दिसत नव्हतं, तरी मागं आणखी चाळी असाव्यात असं वाटत होतं. इमारतींचा तळ तिनं प्लास्टरमध्ये थोडा रुतवला, कारण टेबलावर नुसती ठेवलेली इमारत खालच्या फटीमुळं ठेवलेलीच दिसते. वळचणीखाली पावसाच्या काळ्या रेघा ओढल्या, जोत्यापाशी शेवाळाचा हिरवा हात दिला आणि रुळांलगतच्या भिंतींवर तांबूस तपकिरी पावडर चोळली. ब्रेक लागताना उडणारी लोखंडाची धूळ वर्षानुवर्षं साचून रुळाकाठच्या भिंतींना तोच रंग येतो.

दसरा आला. सोसायटीतली मंडळी जमली. झेंडूचा हार टेबलाला लागला. नातवाच्या अर्ध्या भागासमोरून लोक हलेनात. घड्याळाचा दरवाजा, नक्षीचे कठडे, खिडक्यांच्या रांगा! मोबाइलवर फोटो निघाले. नातीच्या भागाकडं बघून लोक "छान आहे हो," म्हणत आणि पुन्हा डावीकडं वळत. तिचा चेहरा उतरला. आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी गाडी सोडली, पेढे वाटले आणि पाहुणे गेल्यावर दोघांना टेबलाजवळ बसवून हातात चिमटे दिले.

"पहाटेचे सव्वासहा झालेत. सातची पाळी आहे. आपापल्या माणसाला कामावर पोचवा. मधली एकही पायरी चुकवायची नाही."

नातवानं आपला माणूस चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारात उभा करायला घेतला. तो दारात बसेना. दार १८ मिलिमीटरचं आणि माणूस १९ चा.

"असू दे, वाकून येईल बाहेर," आजोबा म्हणाले. "आता खाली आण."

"जिना मागं आहे असं धरूया."

"धरूया. मॉडेलमध्ये अर्ध्या गोष्टी धरूनच चालायचं असतं. पण मागून तो पुढं कुठून येईल? तू दोन भिंतींत फटही ठेवलेली नाहीस."

नातवानं माणूस उचलून थेट रस्त्यावर ठेवला.

"बरं, त्यानं तोंड कुठं धुतलं?"

नातू गप्प.

"चल, गिरणीत जाऊ."

रस्ता गिरणीच्या कडेनं जाऊन भिंतीशी संपत होता. दरवाजा होता रुळांच्या बाजूला. आत जायचं तर माणसाला चालू लाइन ओलांडावी लागत होती. नातवाचा चिमटा तिथंच थांबला.

"पोचला असं समजू," आजोबा म्हणाले. "मागावर उभा राहिला. आता सांग, या टेबलावर उत्तर कुठं?"

नातवानं विचार केला. "व्हीटी डावीकडं म्हणजे दक्षिण. दादर उजवीकडं. म्हणजे उत्तर उजवीकडं."

"आणि साळखात्याच्या काचा कुठं तोंड करून आहेत?"

"पुढं. पूर्वेला."

"म्हणजे सकाळभर ऊन थेट मागावर. अरे, गिरण्यांना ते दात्यांचं छप्पर शोभेसाठी नव्हतं. आपल्याकडं उत्तरेकडून थेट ऊन फारसं आत येत नाही, येतो तो बहुतेक नुसता उजेड, दिवसभर सारखा. त्या उजेडात तुटलेला धागा चटकन दिसतो. म्हणून काचा उत्तरेला आणि दक्षिणेकडं आंधळा उतार. माझ्या वडिलांचे डोळे त्या उजेडावर टिकले. तू काचा फिरवल्यास आणि त्यांच्या डोळ्यांत ऊन घातलंस."

नातवाला ते लागलं. तो म्हणाला, "पण आजोबा, हे मॉडेल आहे. पुठ्ठ्याच्या चाळीत कोण राहणार आहे? लोकांना आवडलं, एवढं पुरे नाही का?"

आजोबांनी लगेच उत्तर दिलं नाही. ते नातीकडं वळले. "आता तू."

नातीचा माणूस दारातून ताठ बाहेर आला. गॅलरीतून टोकाला गेला, जिन्यानं उतरला, नळापाशी थांबला, घळीतून रस्त्यावर आला. रस्त्यानं स्टेशनच्या पुलावर चढला आणि पलीकडं गिरणीच्या फाटकाकडं उतरू लागला. नातीचा चेहरा उजळला. तेवढ्यात आजोबांनी तिच्यापुढं एक खोका सरकवला. आत तसेच १९ मिलिमीटरचे पन्नासेक माणसांचे पुतळे होते.

"तो एकटा नाही. पाळी सुटली आहे. तीन वाजून गेलेत. वरून पाऊस सुरू झाला आहे आणि दोन्ही फलाटांवर गाड्या लागल्या आहेत. यांना पुलावर आण."

नातीनं एकेक माणूस पुलावर ठेवायला सुरुवात केली. पूल १४ मिलिमीटर रुंद होता, खऱ्यातले चार फूट. दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याला जागा नव्हती. जिना तर त्याहून अरुंद. वीस-बावीस माणसं ठेवून झाली आणि तिचा हात आखडला. तिला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

आजोबांचा आवाज जड झाला. "२९ सप्टेंबर २०१७. याच पट्ट्यात, परळ आणि एल्फिन्स्टन रोडच्या मधला पूल. सकाळची गर्दी, अचानक आलेला पाऊस, पुलावर थांबलेली माणसं आणि एक अरुंद जिना. वीसहून जास्त जीव गेले. आजूबाजूला गिरण्या होत्या त्या काळापासूनची ती स्टेशनं. १९८२ चा संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, पुढं गिरण्या गेल्या आणि त्या जमिनींवर ऑफिसं उभी राहिली. काचेच्या इमारतींची चित्रं काढणारे पुष्कळ होते. त्या इमारतींत रोज येणारा माणूस कोणत्या जिन्यानं उतरेल, हा प्रश्न मागं पडला."

खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग आजोबा नातवाला म्हणाले, "मघाशी तू विचारलंस, पुठ्ठ्याच्या चाळीत कोण राहणार. आता मला सांग, तू कॉलेजात इमारतीचा नकाशा कोणत्या प्रमाणात काढतोस?"

"१:१०० बहुतेक वेळा. बारकावे १:५० ला."

"म्हणजे तुझ्या कागदावरचा माणूस या बाहुलीपेक्षाही लहान असतो. प्रत्येक खरी इमारत आधी कागदावर लहानच असते, आणि तेव्हा तिच्यातही कोणीच राहत नसतं. मी ड्रॉइंग ऑफिसात हेच बघत आलो. कागदावर जिन्याची रुंदी एका पेन्सिलच्या रेघेनं कमी होते. कोणी ओरडत नाही, कोणाला धक्का लागत नाही. तो धक्का वीस वर्षांनी लागतो, आणि लागतो तो रेघ मारणाऱ्याला नाही. ज्याला १:८७ मध्ये माणूस दिसत नाही, त्याला १:१०० मध्ये कसा दिसेल?"

नातवानं मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पण जागा तर कमीच आहे. काहीतरी गाळावंच लागतं. मग गाळायचं काय?"

"हा खरा प्रश्न," आजोबा खूश होऊन म्हणाले. "मोठे मॉडेलकारही हेच करतात. अमेरिकेत जॉर्ज सेलिओस नावाच्या गृहस्थांनी १९३० च्या मंदीच्या काळातलं न्यू इंग्लंडमधलं एक काल्पनिक शहर याच १:८७ प्रमाणात उभं केलं. इमारतींची दाटी इतकी की फोटो बघताना खरंच शहरात शिरल्यासारखं वाटतं. पण त्यांनीही सगळं शहर ठेवलेलं नाही, कोणालाच ते ठेवता येत नाही. नियम सोपा आहे. जे पुन्हा पुन्हा येतं ते कमी करावं, आणि ज्याच्यावाचून माणसाचं अडतं ते ठेवावं. ४२ खिडक्यांच्या १८ केल्यास तरी चाळ चाळच राहते. पण एकुलता एक जिना काढलास की ती नुसती भिंत होते. लांबी आखडता येते, रांगा आखडता येतात. दाराची उंची, पायरी, कठडा, नळ यांना हात लावायचा नाही, कारण त्यांचं माप माणसाच्या अंगावरून ठरलेलं आहे."

दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा कामाला लागले. या वेळी खडूची रेघ आजोबांनी पुसून टाकली होती.

नातवानं चाळीची दर्शनी भिंत सोडवली आणि प्रत्येक मजल्यावरच्या आठ खिडक्या कमी केल्या. मजले पूर्ण उंचीचे केले. वरच्या फळीला छप्पर लागू नये म्हणून चाळीचा एक मजला उतरवला. बुटक्या तीन मजल्यांपेक्षा ताठ दोन मजले बरे, हे त्याला आता पटलं होतं. मोकळ्या झालेल्या जागेत टोकाला जिना आला, जिन्याशेजारी संडास आले, अंगणात नळ आला. साळखात्याच्या काचा उत्तरेकडं वळल्या. समोरून आता चमकत्या काचा दिसत नव्हत्या, दात्यांची नुसती बाजू दिसत होती. तरी आजोबांनी ती बघितली आणि लगेच म्हणाले, "आता ही गिरणी आहे."

छपरांकडंही त्यानं नव्यानं लक्ष दिलं. टेबलावरचं शहर माणूस वरून बघतो, त्यामुळं भिंतींपेक्षा छपरं जास्त नजरेत भरतात. त्यानं मंगलोरी कौलांच्या ओळीत मधूनमधून नवी लालभडक कौलं घातली, कारण पावसाळ्यापूर्वी फुटकी कौलं बदलली जातात. पत्र्यांवर दगड ठेवले. रात्रीच्या देखाव्यासाठी खोल्यांत दिवे बसवताना त्यानं सगळ्या खिडक्या उजळल्या नाहीत. रात्रपाळीचे गेलेले, पहिल्या पाळीचे झोपलेले. ज्या खोलीत कोणी जागं असेल तिथंच दिवा.

राहिला पूल. नातीला तो १४ मिलिमीटरवरून ४२ पर्यंत, म्हणजे खऱ्यातल्या १२ फुटांपर्यंत रुंद करायचा होता. पूल रुंद झाला, पण जिना उतरायला जागा नव्हती. जिथं पायऱ्या येणार होत्या तिथं नातवाचा घड्याळाचा दरवाजा उभा होता. सगळ्यांनी वाखाणलेला, त्याच्या हातचं सर्वांत सुंदर काम. नातीनं दोन दिवस काही म्हटलं नाही. जिना वळवून बघितला, दुमडून बघितला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दादा, राहू दे. मी पूल थोडा कमी रुंद करते."

नातवानं खोक्यातले पुतळे काढले आणि अर्धवट जिन्यावर एकेक उभे केले. रांग दरवाजाच्या दगडी खांबाला येऊन अडली. तो काही वेळ बघत राहिला. मग त्यानं स्टीलची पट्टी लावली, कटर उचललं आणि दरवाजाची एक कमान स्वतःच्या हातानं कापून काढली. गिरणीची भिंत तीन सेंटीमीटर मागं सरकली. दरवाजा रस्त्याच्या बाजूला वळला, घड्याळ लहान जागेत गेलं. जिना सरळ, रुंद, रस्त्यापर्यंत उतरला.

आजोबांनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला. "आज तू आर्किटेक्ट झालास. सुंदर भिंत बांधणारे खूप असतात. माणसाला वाट द्यायला आपलीच सुंदर भिंत मागं घेणारा क्वचित मिळतो."

त्या दिवाळीत सोसायटीतली मंडळी पुन्हा आली. या वेळी कोणी एका इमारतीसमोर थांबलं नाही. लोक टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. मुलं बोटानं वाट काढत होती: या खोलीतून निघायचं, इथं उतरायचं, इथून पुलावर, मग गाडी. खाणावळीच्या आजींनी चष्मा पुसून नळापाशी बघितलं आणि म्हणाल्या, "हंड्यांची रांग डावीकडून लावा. आमच्याकडं डावीकडून असायची." नातीनं तिथल्या तिथं रांग बदलली.

पुढं नातू शिकून कामाला लागला. त्याच्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचं होतं. दर्शनी बाजूचं चित्र तयार होतं आणि ते सगळ्यांना पसंत होतं. त्यानं नकाशा घेतला आणि पेन्सिलचं टोक सातव्या मजल्यावरच्या एका घराच्या दारात ठेवलं. लिफ्ट बंद आहे असं धरून तो पेन्सिल जिन्यानं खाली आणू लागला. नंतर चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला घेऊन रस्त्यापासून लिफ्टपर्यंत गेला. मग रात्री अँब्युलन्स फाटकातून आत आणली. तीन ठिकाणी पेन्सिल अडली. त्या तीन जागा बदलल्याशिवाय त्यानं नकाशावर सही केली नाही. दर्शनी चित्रातलं एक कारंजं आणि एक सज्जा त्यात गेला. आज त्या इमारतीत राहणाऱ्यांना ते कारंजं कधीकाळी चित्रात होतं हे ठाऊकही नाही. चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार मात्र रोज वापरला जातो.

या गोष्टीतून घ्यायचं ते सरळ आहे. सुंदर करण्याला कोणाची हरकत नाही, पण सौंदर्यासाठी जागा करताना आपण कोणाची पायरी काढतो आहोत, हे आधी बघावं. जे वारंवार येतं ते कमी केलं तर चालतं. जे एकदाच येतं आणि ज्याच्यावाचून माणसाचं चालत नाही, ते गाळण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि एका माणसाची सोय झाली म्हणून काम संपत नाही. त्याच वाटेनं गर्दी येणार आहे, हेही धरून चालावं लागतं.

मुंबईत १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींच्या जागी आता उंच इमारती येत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्यांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे, हे चांगलंच आहे. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, सगळीकडं जुन्या सोसायट्यांच्या सभांत गुळगुळीत कागदावरची चित्रं फिरत आहेत. तुमच्याही सभेत असं चित्र येईल, तेव्हा ते क्षणभर बाजूला ठेवा आणि मजल्याचा नकाशा मागा. तुमच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला मनानं दारात उभं करा आणि बोटानं रस्त्यापर्यंत चालवत आणा. पाणी कुठून येतं, लिफ्ट बंद पडली तर काय, आग लागली तर सगळे मिळून कुठून उतरतील, हे विचारा. बोट जिथं अडेल तिथं सही करू नका. कागदावर ती जागा एका रेघेनं सुधारते; सिमेंट ओतल्यावर ती सुधारत नाही.